साठ वॅटची आई

जपानी लाव्याची मादी हा सृष्टीतला फार मोकळ्या मनाचा जीव आहे. वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी घालते आणि त्यातल्या एकाकडेही मान वळवून बघत नाही. गावठी कोंबडी निदान खुडूक तरी बसते. अंग फुगवून जवळ येणाऱ्याला टोचते, एकवीस दिवस जेमतेम खाऊन अंडी उबवते आणि मग पिल्लांचं लटांबर घेऊन उकिरडाभर मिरवते. लाव्याची मादी अंडं घालते, अंग झटकते आणि दाणे टिपायला निघून जाते. अंड्याचं पुढे काय करायचं, ते मनुष्यजातीनं बघून घ्यावं.

यात तिचा दोष नाही. जपानी लोकांनी हा पक्षी आधी त्याच्या आवाजासाठी पाळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या ध्यानात आलं, की याच्या गाण्यापेक्षा अंड्यांना भाव बरा येतो. मग पिढ्यान्‌पिढ्या भरपूर अंडी घालणाऱ्या माद्याच निवडल्या गेल्या. खुडूक बसली की अंडी बंद, आणि अंडी बंद की वंश बंद. असं करता करता पक्ष्याच्या डोक्यातून आईपण पार वेचून काढलं गेलं. १९७४ साली हा लावा कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसहून भारतात, उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आला. आज पोल्ट्रीवाले त्याला सरळ ‘बटेर’ म्हणतात. पक्षी आला, पाठोपाठ खाद्याचे तक्ते आले, आईची जागा मात्र रिकामीच राहिली. आमच्या घरी ती साठ वॅटच्या पिवळ्या बल्बनं भरली आहे.

हा उद्योग पुतण्याचा. तो कृषी पदवीधर असल्यामुळे घरात त्याला काही विचारायची सोय नाही. त्यानं उबवणी यंत्र आणलं, अंडी आणली आणि ‘काका, बल्ब तेवढा तुम्ही आणा’ असं किरकोळ काम माझ्याकडे दिलं.

आजच्या काळात बाजारातून साधा पिवळा बल्ब आणून दाखवणाऱ्याचा ग्रामपंचायतीनं सत्कार करायला हवा. दुकानदारानं आधी नऊ वॅटचा एलईडी पुढे केला. “साठ वॅटचा उजेड देतो. वॉरंटी आहे. हात लावून बघा, अजिबात तापत नाही.”

“मला तापणाराच पाहिजे.”

“अहो, पण उजेड—”

“उजेड नाही पडला तरी चालेल.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिच्याबद्दल त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. पण मुद्दा माझाच बरोबर होता. जुन्या तारेच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेत जाते, उजेड आपला चवीपुरता. वीज वाया घालवतो म्हणून सगळ्या देशानं त्याला घराबाहेर काढलं. लाव्याच्या पिल्लाचा जीव नेमका त्या वाया जाणाऱ्या विजेवर तगतो.

अंडी उबायला सतरा-अठरा दिवस लागतात. शेवटचे तीन दिवस ती फिरवायची नाहीत, यंत्राचं झाकण उघडायचं नाही, आत दमटपणा राखायचा. ‘काही करू नका’ ही सूचना पाळायला आमच्या घरासारखं अवघड घर नाही. त्यातून अंड्यांतून आवाज यायला लागले. बाहेर येण्याआधी लाव्याची पिल्लं अंड्यातूनच टिकटिक करून एकमेकांना खबर देतात. पुढे गेलेल्यांच्या टिकटिकीनं मागे राहिलेली पिल्लं हातपाय हलवायला लागतात आणि सगळी थोड्याथोडक्या अंतरानं बाहेर पडतात. सगळे सभासद वेळेवर हजर झाल्याची आमच्या गावातली ही पहिलीच घटना.

मग एका कवचाला तडा गेला. घरदार यंत्राभोवती गोळा झालं. आणि पुढे कितीतरी तास काहीच झालं नाही.

“अडलंय बिचारं,” आत्यानं निदान केलं आणि अंबाड्यातला आकडा काढला.

पुतण्यानं आकडा जप्त केला. हा जो मधला सन्नाटा असतो, त्यात पिल्लू रिकामं बसलेलं नसतं. ते फुप्फुसानं श्वास घ्यायला शिकत असतं, कवचाच्या आतल्या पडद्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं, उरलेला पिवळा बलक पोटात भरून घेत असतं. हे काम उरकल्याशिवाय कवच सोललं तर रक्तवाहिन्या फाटतात आणि मदत मिळाल्यामुळे पिल्लू मरतं. हे सगळं त्यानं आत्याला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते खरं रे, पण अडलंय ते.” अडलेल्या माणसाकडे नुसतं बघत उभं राहणं आपल्याकडे शिष्टाचारात बसत नाही. निदान ‘आमच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे’ एवढं तरी म्हणावंच लागतं.

शेवटी पिल्लं आपल्या हिमतीवर बाहेर आली. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढं, आणि त्या नाण्यासारखंच कुणी हातात घेतलं की लगेच परत द्यावंसं वाटावं असं. तपकिरी अंगावर पिवळे पट्टे, ओलीगच्च पिसं, पायांचा काही भरवसा नाही. ती यंत्रातच सुकू द्यायची असतात. पोटात बलकाची शिदोरी असते, त्यामुळे पहिला दिवसभर खाणं मिळालं नाही तरी बिघडत नाही.

इथे माझ्या आईनं सूत्रं हाती घेतली. “दिवस झाला लेकरं जन्मून, आणि पोटात काही नाही? अरे, मधाचं बोट तरी लावा.” मधाचं बोट म्हणून तिनं जे पुढे केलं त्याचं पेर पिल्लापेक्षा मोठं होतं. घरातली सगळी बाळंतपणं आईच्या हातची असल्यामुळे तिच्याकडे पक्की यादी होती. टाळू भरायची, गुटी उगाळायची, अंग चोळून न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची आणि दृष्ट काढायची. पुतण्यानं यादी तपासायला घेतली. तेल लावलं तर पिसं चिकटून ऊब जाते, म्हणून टाळू रद्द. पिल्लू भिजलं की गारठतं आणि गारठलं की गेलं, म्हणून न्हाणं रद्द. एवढ्याशा छातीला धूर सोसत नाही, धुरी रद्द. गुटी तर चर्चेलाच घेतली नाही. मात्र शेकावर त्याला थांबावं लागलं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या अंगाशी पस्तीस ते सदतीस अंश ऊब लागते, आणि मग दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंशांनी ती उतरवायची. पिसं फुटेपर्यंत पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. म्हणजे शेक मंजूर. विद्यापीठाची पदवी आणि आईची शेगडी एकाच निष्कर्षाला आल्याचं पाहून आईनं पुतण्याकडे असं काही बघितलं, की बाकीची यादी नामंजूर झाल्याचं तिला दुःख उरलं नाही. दृष्ट तिनं नंतर न विचारता काढलीच. मीठमोहऱ्यांनी तापमान बदलत नाही, म्हणून पुतण्याही गप्प राहिला.

पुढचं संकट पाण्याचं. सात ग्रॅमचा जीव बरणीच्या झाकणातसुद्धा बुडतो. पाणी प्यायला वाकतो, वाकता वाकता डुलकी लागते, आणि खेळ संपतो. उपाय सोपा आहे. उथळ झाकणात गोट्या किंवा धुतलेले खडे भरायचे आणि मधल्या फटींत पाणी ओतायचं. चोच जाते, पिल्लू जात नाही. मुलाला म्हटलं, तुझ्या गोट्या दे. त्यानं मोबाईल उघडून एक गोट्यांचा खेळ दाखवला. त्याची भावना चांगली होती. अखेर गोट्या मिळाल्या मासे विकणाऱ्या दुकानात, काचेच्या पेटीत टाकायच्या, रंगीत, किलोच्या भावानं. आमच्या लहानपणी ज्या गोट्यांसाठी मास्तरांनी कान पिळले, त्या पिल्लांच्या पाण्यासाठी मोजून घेताना बापाच्या खांद्यावर पिशवी होती आणि पोरगं बिल ऑनलाइन भरत होतं.

पाण्याखालोखाल जमीन. बहुतेक घरांत पिल्लांखाली वर्तमानपत्र घालतात. ते घालू नये. गुळगुळीत कागदावर नवजात पिल्लाचे पाय दोन बाजूंना सरकतात, एकदा फाकले की तसेच राहतात आणि पिल्लू उभं राहत नाही. रविवारच्या रंगीत पुरवण्या तर सर्वांत घसरड्या. वर्तमानपत्राच्या आधारानं सरळ उभं राहता येत नाही, हे संपादकांच्या कानावर घालायचं काम इतकी वर्षं कुणी केलं नव्हतं. लाव्याच्या पिल्लांनी केलं. खाली भाताचं तूस पसरायचं आणि पहिले काही दिवस त्यावर खरखरीत कागद, गोणपाट किंवा खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा घालायचा. नुसतं तूस ठेवलं तर पिल्लं तेच खाद्य समजून खात बसतात. खाण्याची जागा आणि झोपायची जागा यांतला फरक त्यांना चार दिवसांनी कळतो. घरातल्या काही मंडळींना टीव्हीसमोर तो अजून कळलेला नाही.

जागा गोल लागते. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा गोल कठडा करतात, त्याला पोल्ट्रीवाले चिक गार्ड म्हणतात. कोपरा असला की गारठलेली किंवा घाबरलेली पिल्लं त्यात शिरतात, एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. शेजारचे अण्णा वास्तुशास्त्राचे जाणकार आहेत. ते मुद्दाम पाहायला आले आणि पहिला प्रश्न केला, “ईशान्य कोपऱ्यात काय ठेवलंय?” कोपराच नाही म्हटल्यावर ते बराच वेळ कठड्याभोवती फिरले. मग, ‘गोल वास्तूचं फळ मंदिरालाच मिळतं, गृहस्थाला नाही,’ असा निकाल देऊन चहा पिऊन गेले.

सगळ्यांत मजेचं म्हणजे तापमान. पुतण्यानं थर्मामीटर लावला होता, पण खरं वाचन पिल्लांचंच करायचं असतं. सगळी बल्बखाली गोळा होऊन कलकलाट करत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. सगळी कडेला पळून, चोच उघडी टाकून, पंख सोडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला चिकटली असतील तर कुठून तरी वारा येतोय, फट शोधा. आणि सगळीकडे विखरून कुणी खातंय, कुणी पितंय, कुणी भर रस्त्यात पाय ताणून झोपलंय असं दिसलं, तर हात मागे घ्या आणि खोलीबाहेर पडा. भर रस्त्यात झोपलेलं पिल्लू पाहून आई दर वेळी छातीवर हात मारायची. लाव्याचं पिल्लू मेल्यासारखं झोपतं. जरा हलवलं की दचकून उठतं, इकडेतिकडे बघतं आणि पुन्हा मरतं.

रात्री-बेरात्री उठून घरातला प्रत्येक जण बल्ब बघून यायला लागला. बाहेरच्या खोलीत विवाहाच्या मांडवासारखी वर्दळ सुरू झाली नाही, एवढंच. बायको चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “स्वयंपाकघरातला पंखा उन्हाळ्यापासून बंद आहे. तिथे मी चोच उघडी टाकून, पंख सोडून उभी असते. ते वाचन कुणी केलं नाही.” पंखा त्याच दिवशी दुरुस्त झाला.

वीज हा या साठ वॅटच्या आईचा नाजूक भाग. पावसाळी संध्याकाळी डीपीवर फेज जातो आणि आई एका क्षणात गार पडते. अशा वेळी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कठड्यात ठेवायच्या आणि वर पोतं टाकायचं, हवेला फट ठेवून. अण्णांच्या कमरेची शेकायची पिशवी आम्ही एकदा तातडीनं उचलून आणली. कंबर त्यांची, पण पिल्लं राष्ट्राची, असं पुतण्यानं पटवून दिलं. खरी परीक्षा इन्व्हर्टरनं घेतली. बॅटरी उतरत आलेली, भारत-ऑस्ट्रेलिया सामना शेवटच्या षटकांत, आणि टीव्ही व बल्ब दोन्ही चालणार नाहीत हे उघड. घरात मतदान झालं. बल्ब जिंकला. सामन्याचा निकाल आम्हाला गल्लीतल्या फटाक्यांवरून कळला.

खाण्याच्या बाबतीत लावा बडेजाव राखून आहे. पिल्लाला चोवीस ते सत्तावीस टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, तेही बारीक दळलेलं, कारण चोच मोहरीएवढा घास घेते. आईनं मऊ भात कालवून आणला. पुतण्यानं तो परत पाठवला. गल्लीतला व्यायामशाळेत जाणारा मुलगा हे आकडे ऐकून इतका प्रभावित झाला, की त्यानं खाद्याच्या गोणीवरचा तक्ता मोबाईलवर उतरवून घेतला. पुढे तो तब्येतीनं सुधारल्यासारखा दिसतो; कारण विचारायची आमची छाती झाली नाही.

पिल्लांना जीव लावायला आलेल्या पाहुण्यांची वेगळी व्यवस्था करावी लागते. प्रत्येकाला एक हातात घ्यायचं असतं, गालाला लावायचं असतं, फोटो काढायचा असतो. पिल्लू मात्र हातात येताच गारठायला लागतं आणि आकाशातून आलेल्या पंजाला कुणीही भितं तसं भितं. आठवडा-दीड आठवडा झाला की भीतीची तऱ्हा बदलते. दचकलेला लावा आडवा पळत नाही, सरळ वर उडी मारतो आणि डोकं आपटून घेतो. म्हणून वर टणक झाकण नको, सैल जाळी हवी. ‘किती गोड’ असं किंचाळणाऱ्या एका पाहुणीमुळे सगळं सभागृह एकाच वेळी उभं राहिलेलं आम्ही पाहिलं आहे.

बारसं करायची मुलांची इच्छा होती. पण सगळी एकाच तोंडावळ्याची, आणि नर-मादी कळायला तिसरा आठवडा उजाडावा लागतो. नराची छाती तांबूस होते, मादीच्या छातीवर काळे ठिपके येतात. तोवर ठेवलेली सगळी नावं फुकट जातात. आमच्याकडची झाशीची राणी पुढे पहाटे आरवायला लागली.

इतकी यातायात वाचून ‘यात एवढं काय आहे’ असं कुणाला वाटलं, तर त्यांच्या माहितीसाठी एक सांगतो. २२ मार्च १९९० रोजी सोव्हिएत संघाच्या ‘मीर’ अंतराळस्थानकावर लाव्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. पृथ्वीबाहेर जन्मलेला तो पहिला पक्षी. उबवणं जमलं, तडा गेला, पिल्लू बाहेर आलं. पण तिथे वजनच नाही, त्यामुळे पिल्लं तरंगत राहिली. पायाखाली धरायला काही नाही, दाण्यापर्यंत चोच नीट पोचत नाही. रॉकेट बनवणाऱ्या देशाला गोणपाटाचा तुकडा कमी पडला. आमच्या आत्यानं हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिथे शेक कोण देत होतं?

आणि ही मंडळी मोठी होतात ती पाहता पाहता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिसं भरतात, बल्बची गरज संपते. सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी स्वतः अंडी घालायला लागते. सात ग्रॅमचं पिल्लू दीड-दोनशे ग्रॅमचं होतं. हे गणित मी एकदा घरी मोठ्यानं वाचलं. आमच्या एका नातलगाचा मुलगा एकोणतिसाव्या वर्षीही ‘अजून विचार करतोय’ या अवस्थेत आहे. तो तेव्हा समोरच बसलेला होता. उठून गेला नाही. दुसरा चहा मागितला.

एवढ्या सगळ्या गोंधळात मला जे दिसलं ते एवढंच. पिल्लू मरतं ते बहुतेक वेळा दुर्लक्षानं नाही, मायेच्या उकळीनं मरतं. कुणी कवच सोलतं, कुणी आंघोळ घालतं, कुणी मध चाटवतं, कुणी खोल वाटीत भरपूर पाणी ठेवतं, कुणी रात्रभर छातीशी धरतं. साठ वॅटचा बल्ब यातलं काही करत नाही. तो नावं ठेवत नाही, फोटो काढत नाही, ‘माझ्या वेळी असं नव्हतं’ म्हणत नाही. एका जागी लटकून मुकाट्यानं तापतो. आपल्याकडच्या पुष्कळ आयाबापांनी त्याच्याकडे थोडे दिवस शिकवणी लावायला हरकत नाही.

तुम्हाला हा नाद करायचाच असेल तर रानातल्या लाव्याच्या वाटेला जाऊ नका. बांधाच्या गवतातून भुर्रकन उडणारा तो लावा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याची अंडी उचलणं हा गुन्हा आहे, आणि तिथली आई अजून आपलं काम स्वतः करते. जपानी लाव्याची पिल्लं माहितीच्या पोल्ट्रीवाल्याकडून घ्या. पिल्लं यायच्या आदल्या दिवशी रिकाम्या कठड्यावर बल्ब लावून दिवस-रात्र पेटता ठेवा, ऊब टिकते का बघा, आणि टिकली तरच पिल्लं आणा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेकाचं खातं द्या, बाकीची खाती स्वतःकडे ठेवा. आणि बल्ब दोन घ्या. दुकानदार वेड्यात काढेल, पण एका बल्बचा पैसा घेताना तो काढतोच आहे.